दिलेल्या शब्दांची निरवानिरव

मी, शरयू श्रीराम ओगले, वय एकोणसत्तर, राहणार ॲन आर्बर, मिशिगन, निवृत्त टंकलेखिका, पूर्ण शुद्धीवर आहे. असं सगळेच लिहितात. मी डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. शंभरातून सात-सात वजा करत मी दोनपर्यंत गेले, तेव्हा "पुरे" असं डॉक्टरच म्हणाले. तरीही या कागदात काही वस्तूंची नावं सापडणार नाहीत. ती मी विसरलेले नाही. ती मी दिलेली आहेत. कोणाला आणि कशी, ते कलम तीनमध्ये लिहिलं आहे. कोर्टात जाण्याआधी माझ्या मुलाने ते ऐकून घ्यावं.

कलम एक. राहतं घर मुलगा विक्रम याला. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून अट अशी की त्याने हे मृत्युपत्र कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावं, आणि ऐकताना घड्याळ बघू नये. गेल्या गणपतीत मी दारची कुंडी दाखवून "ते झाड आत घे, थंडी पडेल" म्हणाले, तर सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, व्हॉट झाड? नाव सांग ना. यू आर फर्गेटिंग थिंग्ज." ज्याचं दर कार्तिकात लग्न लावतात, ते झाड. मंडळातली एक शहाणी लगेच, "काकू, अहो, हिंदूच ना तुम्ही?" तिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

कलम दोन. बँकेतली शिल्लकही विक्रमलाच. तांब्याचं ते उंच भांडं, ज्याच्या पोटात निखारे घालून माझी आजी अंघोळीचं पाणी तापवायची, तेही त्यालाच. त्यात छत्र्या ठेवू नयेत. टाइपरायटर कोणालाही द्यावा, प्राध्यापक व्हिटकर यांना सोडून.

कलम तीन. या व्हिटकरांच्या कोशाच्या कचेरीत मी सतरा वर्षं कार्डं टाइप केली. पॅसिफिकमधल्या एका लहानशा बेटाची भाषा, त्यातले झाडापानांचे आणि घरकामाचे शब्द. बेट वादळानंतर रिकामं झालं. ती भाषा बोलणारी एकच बाई इथे होती, अमेरिकन जावयाच्या घरी राहणारी. कागदोपत्री तिचं नाव मार्था, मिशनऱ्यांनी ठेवलेलं. मी तिला मार्थाआजी म्हणायचे.

तिच्या बेटावर शब्द फुकट देत नाहीत. देणाऱ्याने पाण्यात हात बुडवून शब्द सांगायचा, घेणाऱ्याने त्याच पाण्यात हात घालून आपल्याकडचा एक द्यायचा. दिला की तो आपला राहत नाही. व्हिटकरांनी बोटसुद्धा ओलं केलं नाही. "आय ॲम नॉट हिअर टु प्ले" म्हणाले. आजी मग भिंतीकडे तोंड करून बसली. म्हणून मला पाठवलं.

मीही तो खेळच समजले होते. पण शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये ही आमच्याकडची रीत. तिने नीरफणसाच्या कोवळ्या पानाचा शब्द दिला, आणि त्यावर मी स्टेपलर देऊ? मी गणपतीला एकवीस वाहतात त्या तीन पात्यांच्या गवताचा शब्द दिला. तिने ओहोटीला खेकडे ठेवायच्या टोपलीचा दिला, मी पाट्यावर फिरतो त्या दगडाचा. असे चारशे बारा. कार्डाच्या एका बाजूला तिचा, मागे माझा. आज मागची अक्षरं मला दिसतात, पण शब्द लागत नाही. शाळेत मराठी बोललं की सिस्टर गळ्यात लाकडी पाटी अडकवायच्या. त्यांना माझा एकही शब्द नेता आला नाही. आजीला मी हौसेने दिले.

कोश छापून आला. त्यात माझं नाव नाही, याबद्दल मी व्हिटकरांना चार पत्रं लिहिली आहेत. पण तिचंही नाव नाही. "माहितीदार ब." एवढंच.

कलम चार. आजी एक्क्याऐंशी साली गेली. दोन दिवस आधी तिने पाणी मागवलं आणि मिशनऱ्यांच्या आधीचं आपलं खरं नाव मला सांगितलं, नात लेईता मोठी झाली की तिला देण्यासाठी. नावाच्या बदल्यात नावच द्यावं लागतं. मी घाबरले. हात पुसला आणि घरी आले.

तेव्हापासून ती तळघरात बोलते. रात्री नाही; सकाळी दहाला, मी कपडे धुवायला लावते तेव्हा. मी दिलेले शब्द ती मी दिले त्याच क्रमाने म्हणते, लाटेसारखा हेल काढून. ऐकते तोवर ते माझे असतात. आवाज थांबला की काही उरत नाही. चारशे बारा झाले की ती गप्प होते, आणि वाट बघते.

लेईता आता एकवीस वर्षांची आहे. मार्चमध्ये ती आली होती. कॉफी हातात घेऊन जिन्याशी थांबली. "आंटी, खाली कोण आहे?"

"का?"

"आवाज माझ्या आजीचा आहे. पण भाषा तुमची आहे."

त्यानंतर मी वकिलाला फोन केला.

कलम पाच. चारशे बारा कार्डांची पेटी लेईताला. व्हिटकरांना नाही, त्यांच्या कचेरीला नाही. बाळ, एकेक कार्ड पाण्यात हात घालूनच घे, आणि बदल्यात काय द्यायचं ते विचार करून दे. माझी चूक करू नकोस. ज्यांच्यावाचून अडणार नाही असे शब्द दे. इंग्रजीत पुष्कळ आहेत. मागे लिहिलेले माझे शब्द मात्र कोणी मोठ्याने म्हणणारा भेटला, तर त्याला म्हणू दे.

कलम सहा. चारशे तेरावं कार्ड कोरं आहे. सही करण्याआधी मी त्यावर आजीचं नाव लिहून पाकीट बंद करीन. ते लेईताशिवाय कोणी उघडू नये. बदल्यात काय जाईल ते मला ठाऊक आहे. म्हणूनच माझं नाव मी पहिल्या ओळीत आधीच लिहून ठेवलं आहे. सहीत काही कमी पडलं, तर अंगठा ग्राह्य धरावा. हे मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. मी पाच वर्षं उशीर केला, एवढंच.

साक्षीदारांचं निवेदन. वरील बाईंनी आमच्यासमोर कार्ड लिहून पाकीट बंद केलं, परातीतल्या पाण्यात उजवा हात बुडवला आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. मग पेन घेऊन त्या सहीच्या रेघेकडे बघत राहिल्या. "काकू, इथे," असं आमच्यापैकी सुलेखाने दाखवल्यावर त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "इथे कोणाचं नाव घालायचं असतं?" तारीख, गाव, मुलाचं नाव आम्ही विचारताच त्यांनी बरोबर सांगितलं. त्यांनी डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. त्याच वेळी तळघरातून एका म्हाताऱ्या बाईने "शरयू" अशी हाक मारली. ती आम्ही दोघांनीही ऐकली. त्यांनी मान वर केली नाही.

(डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार: सुलेखा वर्तक, प्रसन्न कर्णिक
ॲन आर्बर, मिशिगन. ८ नोव्हेंबर १९८६, सकाळी सव्वादहा.