वरवंट्याची रजा

इतवारी, नागपूर
२८ ऑक्टोबर २०२४

चि. अंकुशले गुंजनताईचे अ. आ. वि. वि.

तू मामा झाला. पोरगी तुझ्यासारखीच सावळी आणि कोणाचंच न ऐकणारी. तुझ्या बोगद्याकडं फोन लागत नाही, म्हणून शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच एवढं लिहून राहिली.

बारसं ८ डिसेंबरले, आईकडंच. पण आईचा जीव वरवंट्यात अडकला आहे. पोरीच्या आधी वरवंट्याले टोपडं घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, पोर तसं घट्ट निघावं म्हणून. तुझ्या-माझ्या बारशाले तोच होता. तू गेला त्या आठवड्यापासून तो गायब आहे. शेजारच्या शोभाताईनं नेला आणि पचवला, असं आई म्हणते. सहा महिने झाले, दोघी बोलत नाहीत. आणि तुझं नाव काढलं की आई उठून मिरच्या निवडाले बसते.

ये गा. समोर दिसला तर बोलन ती. लोभ आहेच, तो काही पत्रावर टिकून नाही.

तुझी ताई


बोगद्याचा कॅम्प, हिमाचल
८ नोव्हेंबर २०२४

ति. ताईस सा. न. वि. वि. भाचीलेही वाकून नमस्कार, पुढं कामी पडन.

बसून वाच. वरवंटा माझ्यापाशी आहे.

निघताना आई म्हणाली होती, तू गेला की घरात शांतता होईन. मले राग आला. म्हटलं, रोज चटणीच्या वेळी माझी आठवण आली पायजे. टाकला बॅगेत. डोंगर फोडाले निघालेला माणूस घरून दगड घेऊन गेला, असा मीच एक असन. ती शोभाताईले धरन हे मले काय माहीत.

पुढचं ऐक. खोलीत छत्तीसगडचा चंद्रभान आहे. त्यानं खाटेखाली वरवंटा पाहिला, हात जोडले आणि उचलून खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर शेंदूर. मी सांगितलं, हा मसाला वाटाचा आहे. तर म्हणे, देव कुठूनही येते. एकदा पूजेपायी कामाच्या पाळीले दहा मिनिटं उशीर झाला आणि तेवढ्यात आत छताचा मोठा दगड कोसळला, रिकाम्या जागेवर. झालं. तेव्हापासून बावीस माणसं ह्याच्या पाया पडल्याशिवाय आत जात नाहीत. अगरबत्ती लावली तरी देवाले लसणाचा वास येते. त्यालेही चमत्कार म्हणतात.

मी हसतच होतो वं. पण परवा देवाले आंघोळ घालाची पाळी माझी होती. हातात धरला तर बोटं आपोआप त्या खळग्यात बसली, आई धरते तिथं. इतकी वर्षं वाटून वाटून तिच्याच हातानं पडलेला खळगा. मले तिथं काय दिसलं ते लिहिता येत नाही, आठवीतच शाळा सोडली. पाणी मात्र बराच वेळ ओतत होतो.

सुट्टी मागितली. मुकादम म्हणते, नवीन माणसाले वर्ष भरल्याशिवाय नाही. आणि वरवंटा पार्सलनं पाठवतो म्हटलं तर ही बावीस माणसं मले भिंतीत लिंपून टाकतीन.

आईले सांगू नको. नाही, सांग. शोभाताईसाठी तरी सांग. माया थोडीफार उरली असन तर माझ्या नावानं ठेवजो.

अंकुश


इतवारी, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अंकुश, अ. आ.

सांगितलं. आई मिरच्यांचं सूप बाजूले सारून उठली. मग शोभाताईच्या दारात जाऊन म्हणाली, बरं झालं तुमच्याकडं नाही निघाला. आपल्या आईची माफी अशीच असते. शोभाताईनं चहा ठेवला.

बावीस माणसं पाया पडतात हे ऐकून आई पदर तोंडाशी धरून हसली. एकदम थांबली आणि विचारलं, तो छताचा दगड पडला त्या जागी अंकुश असते का? मी पत्र पुन्हा वाचलं. तू ते लिहिलंच नाही.

मग तिनं सांगितलं, तसंच्या तसं लिही म्हणून: "दगड नाही आला तरी चालते. तू ये."

आणखी काय लिहू. ये.

ताई


बोगद्याचा कॅम्प
२७ नोव्हेंबर २०२४

ति. ताईस सा. न. वि. वि.

आईले सांग, त्या जागी मीच राहतो. भोकं पाडाची मशीन माझ्या हातात असते. पण मी धडधाकट आहे, रडू नको म्हणा.

तिचं वाक्य चंद्रभानले वाचून दाखवलं. त्यानं रातोरात बाकीच्याहीले सांगितलं. सकाळी बावीसच्या बावीस माणसं मुकादमापुढं उभी. चंद्रभान म्हणे, देवाच्या घरी बारसं आहे, देवाले रजा पायजे. मुकादम स्वतः रोज त्याच्यापुढं डोकं टेकवते, नाही कसं म्हणन? आणि देव एकटा रेल्वेत बसन कसा? सोबत माणूस लागते. देवाले दहा दिवसांची रजा भेटली. मी त्याच्या सामानात येऊन राहिलो.

अट एकच, येताना बावीस जणांचा प्रसाद. कोणता ते त्याहीनंच ठरवलं: लसणाची चटणी.

आईले म्हणा, शेंदूर साबणानं धुऊन काढ, त्याले राग येत नाही. आधी पोरीसाठी त्याले टोपडं घाल, मग मिरच्या घे. वाटाले बसशीन तेव्हा मले बाजूले बसू दे. सात महिने तो खळगा रिकामा पाहिला. एकदा त्यात तुझा हात पाहाचा आहे.

हे पत्र आणि मी, आधी कोण पोचते ते पाहू. खिडकीची जागा देवाले दिली आहे.

तुमचाच,
अंकुश