बाळासाठी बॉनेट

ती. सौ. ताईस धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत आणि तिकडे तुम्हीही ठीक असाल असं धरून चालतो. भाऊजींचे गुडघे काय म्हणतात? तुझी नात रात्री झोपू देते का? देत नसेल तर ती आपल्या घराण्यावर गेली आहे, त्याला इलाज नाही. एवढं फोनवरही विचारता आलं असतं, असं तू म्हणशील. आलं असतं, पण आमचा फोन हॉलमध्ये बॉनेटच्या शेजारी आहे, आणि बॉनेटवर दिवसभर अण्णा बसलेले असतात. मला जे सांगायचं आहे ते नेमकं त्यांच्या कानावर जायला नको आहे. (कान अधू झाले आहेत, पण जे ऐकायला नको ते त्यांना बरोबर ऐकू येतं.)

गेल्या आठवड्यात तू फोन केलास तेव्हा मी कामावर होतो, तुझी भावजय बाजारात होती, म्हणून फोन अण्णांनी घेतला. तू म्हणालीस, बाळासाठी एक बॉनेट करून पाठवा. हा शब्द दुसऱ्या कुठल्या घरात टाकला असतास तर काही बिघडलं नसतं. आमच्याकडे त्याला धनी फार. हिच्या लेखी बॉनेट म्हणजे तान्ह्या मुलाची, हनुवटीखाली नाडी बांधायची टोपी. मी पाणीपुरवठ्यातला माणूस. आमच्यात बॉनेट म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावर बोल्टांनी आवळलेलं झाकण. (एकदा विणता विणता ही स्वतःशीच म्हणाली, 'बॉनेट ढिलं झालं वाटतं', आणि मी आतून पाना घेऊन आलो. आल्या-गेल्याला ती हे अजून सांगते.) समोरच्या वकिलांचं बॉनेट त्यांच्या गाडीचं. ते रोज सकाळी ते उघडून आत बघत उभे राहतात आणि येणारा-जाणारा दोन शब्द फुकटचा सल्ला देऊन पुढे जातो. शेजारच्या मास्तरांनी तर शब्दकोशच काढला. त्यात धुराड्यावरची टोपीही निघाली आणि शिडाला खालून जोडायचा कापडाचा तुकडाही. सगळं वाचून मास्तर म्हणाले, थोडक्यात काय, जे झाकतं ते बॉनेट. अण्णा म्हणाले, "चूक. ज्यावर बसतात ते बॉनेट."

हा इतिहास तुला पाठ आहे, तरी उगाळतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. अण्णा चालवायचे ती बस जुन्या घडणीची. इंजिन आतच, चालकाच्या शेजारी. त्यावर पत्र्याचं कवच आणि कवचावर रेक्झिनची गादी. बस भरली की उरलेल्यांनी त्यावर टेकायचं. आई दवाखान्यात कामाला जायची आणि तिला कधी जागा मिळायची नाही. (थंडीत बॉनेट उबदार असायचं, म्हणून जागा असली तरी ती तिथेच बसायची, असं अण्णांचं म्हणणं. आईने ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही.) समोर पाटी होती, 'चालकाशी बोलू नये'. आईने एक हिवाळाभर पाटीचा मान राखला आणि मग जन्मभर ती तूट भरून काढली. बस मोडीत निघाली तेव्हा अण्णा बॉनेट मागून घरी घेऊन आले. आई गेल्यापासून ते त्यावरच बसतात, एका कडेला, अर्धी जागा मोकळी सोडून. त्या मोकळ्या अर्ध्या भागाचा कोपरा हिच्या नडगीला रोज लागतो. 'या घरात एक तर ते राहील नाही तर मी,' असं ती दर दिवाळीला जाहीर करते आणि दुसऱ्या दिवशी त्यावरची धूळ पुसते.

तर तुझा फोन. तू सांगितलंस, मऊ असू दे. अण्णांनी सीट शिवणाऱ्याकडून नवा फोम बसवून घेतला. तू म्हणालीस, आतून अस्तर हवं, बाळाला टोचायला नको. त्यांनी आतल्या पत्र्याला लोकरीचा जाड नमदा चिकटवला. गुलाबी नको म्हणालीस, म्हणून निळा रंग दिला. नाडी हवी म्हणालीस, म्हणून दोन्ही बाजूंनी पट्टे लावले. डोक्याचं माप सांगायला लागलीस तेव्हा त्यांनी तुला मध्येच तोडलं ना? मला म्हणाले, "ताई माप सांगत होती. मी म्हटलं, माप कशाला, मला पाठ आहे."

मी समजावायला गेलो. म्हटलं, अण्णा, ताई बहुतेक टोपीचं म्हणत असेल. ते म्हणाले, "टोपी कुठेही मिळते. ताईने बॉनेट मागितलंय. या घरात सगळ्यांना ते बाहेर काढायचंय, आणि तिला ते बाळासाठी हवंय." मी पुढे काही बोलणार तोच हिने माझ्या पायावर पाय दिला. हॉल मोकळा होणार म्हणून दिला असेल, असं मला आधी वाटलं. मग तिच्याकडे पाहिलं आणि तसं वाटलं म्हणून मलाच वाईट वाटलं. आई गेल्यापासून अण्णा इतके खुशीत कधी दिसले नव्हते. रंग वाळेपर्यंत दर तासाला बोट लावून बघत होते, त्यामुळे वरच्या बाजूला त्यांचे ठसे उमटले आहेत.

शनिवारी टेम्पो निघेल. पत्र त्याच्या आधी पोचेल असं टपालवाल्याने सांगितलं आहे. भाऊजींना नमस्कार, बाळाला पापा.

तुझा धाकटा

ता. क. खरी टोपीही पाठवतो आहोत. हिने विणली आहे, पांढरी. नमद्याच्या आत उजवीकडे खोचली आहे. अण्णांची पाठ वळली की काढून घे.

ता. क. पाठ वळली की असं लिहिलं, कारण अण्णाही येत आहेत. टेम्पोत त्यांच्यासाठी जागा नाही, त्यामुळे कशावर बसून येतील ते तुला कळलंच असेल. दारात उतरले की एवढंच म्हण, 'हेच हवं होतं.' बाकी काही मागणं नाही.

ता. क. बॉनेट ठेवून घेतलंस तरी चालेल, महिन्याभराने अण्णांना मात्र परत पाठव. रंगवायला नेलं होतं तेव्हा हॉलमध्ये ऐसपैस जागा झाली होती, तरी ही त्या रिकाम्या जागेला वळसा घालूनच जात होती.

ता. क. हे वाचून ही म्हणते, बॉनेटही परत पाठवा.