पाच वाजताचे आकडे

२ नोव्हेंबर

जुळणी ०.६८. लाज आणणारा आकडा. बिश्केकच्या नर्सिंग कॉलेजला किमान ०.८० हवी आहे, नाहीतर तुर्सुनाय एजेंचा अभ्यास ते उघडूनसुद्धा बघणार नाहीत. एजे, म्हणजे ताई, आमच्या हेडनर्स. तीन वर्षं त्या या अभ्यासामागे आहेत, आणि आकड्यांचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलंय. डॉक्टरांवर नाही, माझ्यावर. मी या हॉस्पिटलात बॉयलरवर लागलो, मग रक्तदाबाची यंत्रं दुरुस्त करायला शिकलो, मग जुनी रशियन पुस्तकं आणून संख्याशास्त्र शिकलो. शिकवायला कोणी नव्हतं. आज इथल्या एकाही डॉक्टरला प्रमाण विचलन हातानं काढता येत नाही. मला येतं. म्हणून तर इथं सगळे मला बायके म्हणतात, म्हणजे दादा.

काम साधं आहे. ऑपरेशन झालेल्या पेशंटला रोज विचारायचं — शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, तुमचं किती? नर्स नुरझाननं पाचला विचारायचं, दुसरी नर्स बुरुलकाननं पाच दहाला. एकमेकींचा कागद बघायचा नाही. दोघींचे आकडे जुळले तर मोजणी भरवशाची; सगळे जुळले तर जुळणी १. पाचची वेळ मी ठरवली. दोनच्या इंजेक्शनचा असर तोवर उतरतो आणि सहाचं अजून दिलेलं नसतं. आकडा चारच्या वर असेल तर सहाला इंजेक्शन, नाहीतर गोळी.

नुरझानचे आकडे: दोन, तीन, दोन, एक.
त्याच पेशंटचे बुरुलकानचे: सात, तीन, आठ, सहा.

एकटी बाई सगळा तक्ता नासवते आहे.

३ नोव्हेंबर

बुरुलकानला माझ्या खोलीत बोलावलं. नुरझानही होती, साक्षीला.

कागदावर वेळ बघितली तर सहा पस्तीस, सहा चाळीस. म्हटलं, "तुझं घड्याळ कुठल्या देशाचं आहे?"

"बायके, पाचला जाऊन उपयोग नाही. चार ते सहा भेटायची वेळ. खाटेभोवती व्याही बसलेले असतात."

"बसू देत. तुझ्या मांडीवर बसतात का?"

"व्याह्यांसमोर कुठला म्हातारा म्हणेल दुखतंय? टोपी घालून, उशीला टेकून बसतात बिचारे. शुकुर, बरं आहे म्हणतात, दोन बोटं दाखवतात. सहानंतर या, तेच म्हातारे चादर चावत असतात."

"चादर चावण्याचा रकाना माझ्या तक्त्यात नाही," मी म्हणालो. नुरझान फिसकन हसली. बुरुलकानचे कान लाल झाले. चाळिशीची बाई, नवरा मॉस्कोत बांधकामावर, वीस वर्षं वॉर्डात काढलेली — आणि शाळेतल्या मुलीसारखी उभी होती. मला बरं वाटलं, हे इथं लिहून ठेवतो.

शिवाय एक गोष्ट तिच्या तोंडावर फेकली. तिचे आकडे सहाच्या औषधानंतरचे. औषध घेतल्यावर दुखणं वाढतं? मग औषध देताच कशाला?

"गोळी देता ना," ती म्हणाली. "दोन लिहिलेल्याला गोळीच मिळते."

नियमाबाहेरच्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं.

५ नोव्हेंबर

आज सरावाचा वर्ग घेतला. सहा नर्स. नुरझानला खाटेवर झोपवून पेशंट केलं. ती कण्हत, कपाळ आवळत म्हणाली, "तीन." बाकी चौघींनी तीन लिहिलं. बुरुलकाननं सात.

तिला पुढं बोलावलं. "पेशंट काय म्हणाला?"

"तीन."

"मग सात कुठून आले? पोटातून?"

सगळ्या हसल्या. खाटेवरची पेशंटसुद्धा.

"ती कण्हत होती, बायके."

"ती नाटक करत होती. आणि तू त्यालाही फसलीस."

तिच्याकडून दहा वेळा लिहून घेतलं — पेशंट सांगेल तोच आकडा, पाच दहाला. बाकीच्या कोट चढवून निघून गेल्या तरी ती लिहीत बसली होती. अक्षर चांगलं आहे.

८ नोव्हेंबर

०.९१!

तुर्सुनाय एजेंनी स्वतःच्या हातानं चहा आणून दिला. सोबत घरी तळलेले कणकेचे बोरसोक. म्हणाल्या, "बायके, तुम्ही नसता तर हे काम बुडालं होतं." खरं आहे.

९ नोव्हेंबर

बुरुलकान आता पाच दहाला दोन लिहिते, पण समासात पेन्सिलीनं बारीक दुसरा आकडा टाकते. सात. आठ. सात. सगळे खोडले. नवं रबर आणायला हवं.

१० नोव्हेंबर

इमानकुल आजोबा दाखल झाले आहेत. माझ्या गावचे, वडिलांबरोबर शाळेत होते. एकाहत्तर वय, अजून मेंढ्यांमागे घोड्यावर असतात. आतड्याचा तुकडा काढून उरलेली टोकं जोडली आहेत. आमचा सर्जन दोन तालुक्यांत विभागलेला, आठवड्यातून दोनदाच येतो. आज ऑपरेशन करून पलीकडच्या हॉस्पिटलला गेला. जाताना सांगून गेला, टाका गळला तर दुखणं एकदम वाढेल, तेवढा आकडा बघत राहा.

पाच वाजता आकडा दोन. पाच दहाला दोन.

१२ नोव्हेंबर

इमानकुल आजोबांकडे आज सात माणसं आली होती, सगळी मुलीच्या सासरची. मटणाचं पातेलं, नान, सुकामेवा. पेशंटला पाणीसुद्धा बंद आहे, पण व्याह्यांनी रिकाम्या हातानं कसं यायचं? आजोबा पांढरी टोपी घालून बसले होते म्हणे, आणि व्याह्यांच्या घोड्याबद्दल विचारत होते. नुरझाननं सांगितलं.

आकडे: दोन, दोन.

सात वाजायच्या आत बुरुलकान खोलीत आली. सर्जनला फोन लावायचा होता, वॉर्डातला बंद आहे. मी बसूनच होतो, तिकडचं बोलणंही ऐकू येत होतं.

"डॉक्टर, खाट नंबर चार. पोटाला हात लावू देत नाहीत. घाम फुटलाय."

"कागदावर किती?"

"दोन."

"दुसरीचा?"

"दोन. पण डॉक्टर —"

"दुसरी कोण आहे?"

तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "मीच."

"मग मला काय सांगतेस? पंधराला येतोच आहे."

फोन ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मी यंत्राचा स्क्रू फिरवत होतो. म्हटलं, "दार ओढून घे, थंडी येते."

१३ नोव्हेंबर

दुपारी बुरुलकान परत आली. आज बसलीसुद्धा, न सांगता.

"बायके, तुमचे आकडे डॉक्टर मानतात. तुम्ही फोन केलात तर ते आजच निघतील. माझ्यासाठी नाही. आजोबा तुमच्या गावचे आहेत. एकदा वर या. व्याही गेल्यावर तुम्हीच विचारा. पुरुषमाणसाला सांगतील, तेही ओळखीच्या. मला सुनेच्या वयाची म्हणून सांगत नाहीत."

"मी मोजणारा नाही. मोजणी तपासणारा आहे."

"मग मोजणारी म्हणून सांगते, आठ आहे."

"मोजणारीनं कालही दोनवर सही केली आहे."

"तुम्ही करायला लावलीत."

तिला बाहेर काढलं. तुर्सुनाय एजेंना चिठ्ठी लिहिली — बुरुलकान नियमानं काम करत नाही, बाकीच्यांना बिघडवते, तिला अभ्यासातून आणि वॉर्डातून काढावं.

आकडे: दोन, दोन.

वॉर्डात गेलो नाही. गरज नव्हती.

१४ नोव्हेंबर

बुरुलकानला धुलाईखान्यात पाठवलं. पाच दहाला आता दुसरी नर्स जाते. पहिल्याच दिवशी सगळे आकडे नुरझानशी जुळले.

१५ नोव्हेंबर

इमानकुल आजोबा पहाटे गेले. सर्जन सकाळी आठला पोचला. टाका गळला होता, म्हणाला, तीन दिवस तरी झाले असतील.

१६ नोव्हेंबर

चौकशी झाली. मुख्य डॉक्टर, सर्जन, तुर्सुनाय एजे, मी. कागद टेबलावर मांडले. स्वच्छ, एक खाडाखोड नाही. पाच दिवस दोन.

सर्जन म्हणाला, "बुरुलकाननं मला फोनवर वेगळं सांगितलं होतं."

तिला बोलावलं. धुलाईखान्यातून आली, हात कोपरापर्यंत पांढरेफटक, सुरकुतलेले.

मुख्य डॉक्टरांनी विचारलं, "तुला आठ वाटत होतं?"

"होय."

"आणि लिहिलंस दोन?"

"होय."

"म्हणजे खोटी नोंद केलीस. एक माणूस गेला, बाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. समासात पेन्सिल होती हे ती सांगेल असं वाटलं होतं. तिनं सांगितलं नाही. कदाचित रबर लागलेला कागद समोर बघून तिला कळलं असेल की सांगून काही होणार नाही.

कामावरून काढलं. मीटिंग वीस मिनिटांत संपली. मी एक शब्द बोललो नाही.

१८ नोव्हेंबर

बालरोग विभागातलं रक्तदाबाचं यंत्र दुरुस्तीला आलं. नर्सची तक्रार — आकडे पटत नाहीत. तीन वेळा लावून पाहिलं. तिन्ही वेळा तोच आकडा. हवा पूर्ण सोडली तर काटा शून्याखाली टेकलेला. दहानं कमी दाखवत होतं, दर वेळी बरोबर दहानं. अशी यंत्रं मी हातात घेतल्या घेतल्या ओळखतो. पंचवीस वर्षं ओळखत आलोय.

दुरुस्ती अर्धवट ठेवून बसून राहिलो.

२० नोव्हेंबर

दोन दिवस मी स्वतः मोजलं. अकरा पेशंट, पन्नाशीच्या वरचे. पाचला एकदा, मग साडेसहाला एकदा, भेटायला आलेले गेल्यावर, खोलीत फक्त मी आणि तो.

पाचची सरासरी २.३. साडेसहाची ६.९.

अकराही जणांचा आकडा चढला. एकाचाही उतरला नाही. एक म्हातारा पाचला व्याह्यांना नान तोडून देत होता, दोन म्हणाला. साडेसहाला त्यानं माझं मनगट धरलं ते सोडेना. अजून निळं आहे.

नुरझान चुकली नव्हती. पाचला विचारलं तर कोणालाही दोनच मिळणार. शंभर नर्स पाठवल्या असत्या तरी दोनच. चूक वेळेत होती आणि वेळ मी ठरवली होती. आणि जी एकटी बरोबर मोजत होती तिला मी चूक म्हणून काढून टाकलं.

कागद घेऊन तुर्सुनाय एजेंकडे गेलो. त्यांनी शेवटपर्यंत वाचला. हुशार बाई, लगेच समजलं. मग चष्मा काढून ठेवला.

"बायके, आपला अहवाल गेला. ०.९१ चं त्यांनी कौतुक केलंय."

"आकडा खरा आहे एजे. पण आपण दुखणं मोजलंच नाही. व्याह्यांसमोरची लाज मोजली."

"हे अकराजण अभ्यासात आहेत का?"

"नाहीत."

"वेळ काय लिहिली आहे? साडेसहा. नियमात वेळ काय आहे?"

"पाच," मी म्हणालो.

"तुम्हीच केलेला नियम आहे," एजे म्हणाल्या, आणि माझा कागद घडी घालून मलाच परत दिला. अगदी हळुवारपणे.

२१ नोव्हेंबर

बुरुलकानच्या घरी गेलो. सासूनं दार उघडलं, मी कोण ते कळल्यावर आत निघून गेली. बुरुलकाननं दस्तरखान अंथरलं, नान तोडलं, चहा ओतला. दारात आलेल्याला चहा द्यायचाच, माझ्यासारख्यालाही.

अकरा जणांचा कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं बोट फिरवत एकेक ओळ वाचली.

"सात नंबरचा आठ नसेल, नऊ असेल," ती म्हणाली. "तो पुरुषांनाही एक कमी सांगतो."

म्हटलं, "तू बरोबर होतीस."

"मला माहीत होतं. हे सांगायला एवढ्या थंडीत आलात?"

"मुख्य डॉक्टरांना लिहून देतो. खोडलेल्या आकड्यांचंही."

"द्या. धुलाईखान्यात परत घेतील." ती हसली नाही. चहाचा वाडगा पुन्हा भरला, काठोकाठ. इथं काठोकाठ भरला म्हणजे पिऊन ऊठ आणि चालायला लाग. "एक सांगा बायके. त्या दिवशी मी बोलवायला आले होते. वर आला असतात तर आजोबांनी तुम्हाला सांगितलं असतं. मग फोन केला असतात ना?"

"केला असता," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. मी चहा प्यायलो आणि निघालो.

२२ नोव्हेंबर

१३ तारखेची नोंद खोटी आहे. मी वर गेलो होतो. साडेसहाला, व्याही गेल्यावर. आजोबांनी मला ओळखलं, वडिलांचं नाव घेतलं. विचारलं, किती? म्हणाले, "नऊ, बाळ. पोरींना सांगू नकोस." जिना उतरता उतरता हिशेब केला. बुरुलकानचे त्या खाटेचे पेन्सिलीचे, मी खोडलेले आकडे धरले तर ०.९१ चं ०.८८ होत होतं. किमान हवी होती फक्त ०.८०. फोन टेबलावरच होता. मी तो उचलला नाही.