अर्थिंगचा नट

प्रिय अश्विन,

तुझं निमंत्रण मिळालं. उमरेडच्या एसटी स्टँडसमोर तुझी टपरी, वर ‘कुशल स्मृती’ अशी पाटी, आणि रोज संध्याकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे लाइट फुकटात तपासून मागे लाल रेडियम चिकटवणं. या सगळ्याला दहा वर्षं झाली म्हणून मी येऊन नारळ फोडावा, अशी तुझी इच्छा. खाली नेहमीची ओळ : गिरिधरदादा, एकदा माफ केलं म्हणून टाका. दर दिवाळीला ही ओळ येते आणि मी पत्र घडी करून खणात टाकतो. आज मात्र उत्तर देतो.

आधी थोडी उजळणी. हेडलाइटची लाइन तुला मीच शिकवली, नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात, तू माझ्या हाताखाली शिकत असताना, फरशीवर खडूनं काढून. करंट बॅटरीतून निघतो, फ्यूजमधून रिलेत येतो. डॅशबोर्डवरचं बटण स्वतः काही उजळत नाही, ते रिलेला नुसता हुकूम सोडतं. रिले ‘टक्’ करतो, मग खरा करंट बल्बांत जातो आणि अर्थिंगच्या नटातून, गाडीच्या पत्र्यावरून, बॅटरीत परत येतो. एक दिवा गेला तर बल्ब बघायचा. दोन्ही एकदम गेले तर दोघांचं सामाईक काय ते बघायचं. हे तू घडाघडा म्हणून दाखवायचास. तुझा तो आज्ञाधारक चेहरा मला तेव्हाही खुपायचा.

माझा धाकटा भाऊ कुशल त्या जुन्या गाडीतून उमरेडच्या साड्या महालातल्या दुकानांना आणून द्यायचा. “दादा, लाइट कमी पडून राहिले, मोठे बल्ब टाक ना गा,” असं त्यानं आठवडाभर डोकं खाल्लं. शेवटी एका सकाळी मी टाकले. दुपारी तू अर्थिंगचा नट घासून आवळलास, म्हणजे गाडीला शेवटचा हात तुझा. दिवेलागणीला उमरेडहून परत येताना भर रस्त्यात दोन्ही लाइट एकदम गेले. पुढे एक ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा ना रेडियम. तिचा मागचा फाळका काचेतून आत आला. कुशल सव्वीस वर्षांचा होता.

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याच्या आवारात मी सगळ्यांदेखत बॉनेट उघडलं. अर्थिंगचा नट माझ्या दोन बोटांत फिरला. आईनं तुझ्या थोबाडीत मारली. “तुले माह्या हातानं जेवू घातलं गा मी,” एवढंच ती म्हणाली. “मी नट घट्ट केला होता,” असं तू एकदाच बोललास. मग त्या नटाकडे बघत राहिलास, आणि तुझा तुझ्याच हातावरचा विश्वास उडताना मी पाहिला. त्याच आठवड्यात तू नागपूर सोडलंस.

अश्विन, तू नट घट्टच केला होतास. त्या गाडीत दोन्ही दिव्यांना एकच फ्यूज होता आणि मोठ्या बल्बांनी तो सकाळीच दोनदा उडाला होता. तिसरा आणायला कोण जाणार, म्हणून मी तांब्याच्या तारा गुंडाळून काम भागवलं. साधा फ्यूज असता तर तो पुन्हा दुकानासमोरच उडाला असता आणि कुशल मला शिव्या देत घरीच थांबला असता. तारा उडाल्या नाहीत, रिले वितळला. तिसऱ्या दिवशी तुम्ही सगळे ठाण्यात यायच्या तासभर आधी मी एकटाच तिथे जाऊन आलो. तारा काढून फ्यूज घातला, काळा पडलेला रिले बदलला आणि दहाच्या पान्यानं नट दोन आटे सैल केला.

मला पश्चात्ताप झालाय असं समजू नकोस. तू गुन्हेगार असताना माझं बरं चाललं होतं. मी जेवत होतो, झोपत होतो, आई जाईपर्यंत तिच्या डोळ्याला डोळा देत होतो. पण मागच्या महिन्यात तुमच्याकडचे नत्थूजी गाडी घेऊन आले आणि म्हणाले, “त्या पाटीखाली माणूस नाही, देव बसून राहिला.” पाप माझं आणि त्यावर देव झालास तू, हे मला सहन होत नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या माथी काहीच नव्हतं, तेव्हा फेडायलाही काही नाही. माफीही नाही, कारण माफ करण्यासारखं तू काही केलंच नाहीस. पाटी उतरव, टपरी बंद कर, संध्याकाळी घरी जा. पत्र कुणालाही दाखव, आता आई नाही. आणि एवढं वाचूनही तू रेडियमची गुंडाळी घेऊन तिथे बसलास, तर ते मला कळवू नकोस.

तुझाच,
गिरिधर