चाळीसांचे बत्तीस

४ ऑगस्ट
गाढवं! मोटारसायकलची किंमत दरवर्षी वीस टक्क्यांनी घटते, पाच वर्षांनी किती? अख्ख्या क्लासने वीस पंचे शंभर केलं आणि उत्तर लिहिलं — शून्य! अरे, दरवर्षी उरलेल्याचे वीस टक्के जातात! शून्य दशांश आठने गुणा, पाच वेळा. फळ्यावर तीनदा लिहून दिलं. तरी मागच्या बाकावरचा लंबू विचारतो, "सर, मग शून्य कधी होणार?" म्हटलं, तुझ्या डोक्यात केव्हाच झालंय. सगळे हसले. तो सोडून.

६ ऑगस्ट
लंबू समोरच्या क्लासात गेला. ब्याद टळली.

११ ऑगस्ट
चाळीसांचे बत्तीस. समोरचा तो कोवळा मास्तर चुकलेल्यालाही "छान प्रयत्न" म्हणतो म्हणे! चुकलेलं छान! उद्या नापासांचे सत्कार करील.

बायको म्हणाली, जरा जीभ आवरा. हिला गणितातलं काय कळतंय!

१८ ऑगस्ट
पंचवीस. हिशेबाने पंचवीस पूर्णांक सहा दशांश हवे होते. दशांशातलं पोरगं बहुधा जिन्यात अडकलं असेल. दहाच्या खाली गेले की मला क्लास बंद करावा लागेल, हे कळतं मला. म्हणून काय या ठोंब्यांची आरती ओवाळू?

१९ ऑगस्ट
आज मुद्दाम गणित घातलं — एका क्लासात चाळीस मुलं, दर आठवड्याला उरलेल्यांपैकी एक पंचमांश जातात, दहापेक्षा कमी कितव्या आठवड्यात? खिजवायलाच घातलं, खोटं कशाला बोलू.

सगळ्यांचं बरोबर आलं! सातवा आठवडा. कोणी चुकलं नाही, कोणी शेजाऱ्याचं बघितलं नाही, कोणी तोंड वर करून हसलंही नाही. सर्वांत आधी पहिल्या बाकावर माझ्या मुलीचं झालं. माझ्यावर गेली आहे पोरगी. बाकीच्यांना महिनाभर घसा फोडून जे शिरलं नाही, ते आज कसं शिरलं, देव जाणे.

२० ऑगस्ट
संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कालच्या गणितात शेवटी उरणाऱ्यांत मला धरलं होतं का, म्हणून विचारलं. म्हटलं, म्हणजे काय, तुला तर आधी धरलं.

"नका धरू, सर."

क्लासात म्हणते, ते ठीक. घरात ती मला बाबा म्हणते.