पाचही दिवे हिरवे

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एक प्रश्न कालपासून डोक्यात घोळतोय आणि त्याचं उत्तर मला खरंच देता येत नाही. तुझी खोकी मी अडवली ती आतल्या बॅटऱ्यांमुळे, की ती तुझी होती म्हणून?

काल तू दोनदा फोन आपटलास, म्हणून लिहिते आहे. टेम्पोवाले काका तुझा माल परत घेऊन निघालेत, त्यांच्याच हाती पत्र देते.

झालं ते असं. तुझ्या कारखान्यातल्या, विजेच्या सायकलींच्या बॅटऱ्या विमानतळावरच्या आमच्या मालशेडमध्ये आल्या. सोबतच्या कागदावर तुझ्या सहीने लिहिलं होतं की बॅटऱ्या तीस टक्क्यांच्या वर भरलेल्या नाहीत; विमानाने त्याहून जास्त भरलेल्या चालत नाहीत. एका खोक्याचा कोपरा चेपला होता. एरवी चेपलेलं खोकं मी बाजूला काढते आणि बाकीचा माल पुढे सोडते. तेवढंच माझं काम. तुझं मात्र मी काकांच्या समोर उघडलं आणि बॅटरीवरचं बटण दाबलं. पाचही दिवे हिरवे. म्हणजे काठोकाठ भरलेली. मग न चेपलेलं दुसरं खोकं उघडलं. तिथेही तेच. ताई, तेव्हा मला आधी भीती वाटायला हवी होती. आधी बरं वाटलं.

गेल्या खेपेला घरी आले तर बाहेरच्या खोलीत माझ्या पदवीच्या जागी तुझ्या कारखान्याचा फोटो. पदवी कपाटावर उताणी पडलेली. बाबा म्हणाले, भिंत पोकळ झालीये, खिळा एवढा एकच धरतो. शेजारच्या काकूंनी मला विचारलं की मीसुद्धा ताईच्याच हाताखाली असते ना. मी हसून हो-नाही केलं. घरातली पहिली पदवीधर मी, आणि माझी ओळख आता तुझी बहीण एवढीच. माझ्या पोटात दुखतं, ताई. लपवून काय करू?

पण बटण मी कुठल्याही कारणाने दाबलेलं असो, दिवे खोटे नव्हते. भरलेली बॅटरी आतून बिघडून तापली की शेजारचीला तापवते, ती तिच्या शेजारचीला. विमानातला आग विझवायचा वायू ज्वाळा दाबतो, पण आतला ताप तसाच चढत राहतो. रस्त्यावर टेम्पो पेटला तर काका उडी मारून बाजूला होतील. आकाशात बाजू कुठली? मालाच्या विमानात प्रवासी नसतात, म्हणून लोकांना ते रिकामंच वाटतं. पुढे दोन माणसं बसलेली असतात.

बॅटऱ्या तीस टक्क्यांपर्यंत उतरव आणि परत पाठव. मी स्वतः वाट बघेन. रागाने का होईना, दोन ओळी लिही.

तुझी,
धाकटी


मंगळवार, ४ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. पदवीधरबाईंस,
अनेक आशीर्वाद. (आज एकावरच भागवणार होते, पण आई शेजारी बसून बघते आहे.)

तुझं पत्र काकांनी दिलं आणि वर स्वतःची भर घातली, की धाकट्या बाईंनी खोकं असं उघडलं जसं काही आत साप आहे. पोटात दुखतं तर डॉक्टरकडे जा, माझ्या खोक्यांकडे कशाला?

बॅटऱ्या भरलेल्या असतात, कारण मी त्या मुद्दाम भरते. सुरुवातीला एका गिऱ्हाइकाने घरी नेऊन बटण दाबलं, दिवा लागला नाही, तर तो माणूस दुकानात येऊन चारचौघांत म्हणाला की बाईने मेलेला माल गळ्यात मारला. त्या दिवसापासून माझ्याकडची एकही बॅटरी पाच दिव्यांशिवाय बाहेर पडत नाही. मुली शेवटी एकेक बटण दाबून बघतात, मगच खोकं बंद. ही आमच्या मालाची शान आहे, आणि तू तिलाच गुन्हा म्हणतेस. कागदाचं म्हणशील तर एजंटने बोट ठेवलं तिथे मी सही केली. तीस टक्के का चाळीस, कोण वाचतंय!

आता सगळ्या उतरवायच्या तर आठवडा जाईल. उतरवायची सोयच नाही माझ्याकडे, भरायची आहे. परदेशातली ही पहिलीच मागणी. शुक्रवारी माल पोचला नाही तर तो व्यापारी दुसरीकडे जाणार, तसं त्याने स्पष्ट कळवलंय. त्या भरवशावर मी चार मुली कामाला घेतल्या. त्यांना काय सांगू, माझ्या बहिणीला फोटो आवडला नाही?

आणि हेवा काय तुलाच येतो? तू परीक्षेला बसायचीस तेव्हा घरात सगळे कुजबुजत बोलायचे. माझ्या वेळी कुणी रेडिओसुद्धा बारीक केला नाही. मी कधी तुझी वही फाडली का?

एवढंच मागते. गुरुवारी माल परत पाठवते. तू त्या दिवशी रजा घे. दुसरं कुणी असेल तर तुझ्यासारखं नाक खुपसणार नाही. खरंच जळत नसशील, तर एका दिवसाची रजा तुला जड नाही.

आई म्हणते डोक्याला तेल लाव. मी म्हणते, आतून लाव.

तुझीच,
ताई


गुरुवार, ६ फेब्रुवारी, सकाळ

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

माल निघाला. चेपलेलं खोकं बदललंय. बाकी काही बदललेलं नाही, खोटं कशाला बोलू? हे पत्र काकांनी परत आणलं तर समजेन की तू रजेवर आहेस आणि आपलं सगळं ठीक आहे.

ताई


गुरुवार, ६ फेब्रुवारी, दुपार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र काकांनी परत आणलं नाही. ते मला मिळालं, कारण मी कामावर होते.

रजेचा अर्ज मी बुधवारी लिहिला होता. खोटं नाही सांगत. तू मला बरोबर पकडलंस. रजा घेतली तर मी जळत नाही हे सिद्ध होणार होतं, आणि तुझ्यापुढे मोठं मन दाखवायची मला फार हौस होती. बाबांनी चार लोकांत सांगावं की धाकटीने मोठीचा माल मार्गी लावला, एवढ्यावर मी जवळजवळ विकली गेले होते. मग ध्यानात आलं, की जळून दिवे बघणं आणि चांगलं दिसायला डोळे मिटणं, दोन्हींत मी माझ्याकडेच बघत होते. विमानात बसणाऱ्यांकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

सकाळी त्यांतली एक, सहवैमानिक बाई, शेडमध्ये डोकावली. ती नेहमीच येते, हातात कॉफी, आणि विचारते की आज आमच्या पाठीमागे काय बसवताय. तुझी खोकी तिच्या बाजूलाच होती. मी म्हटलं, अजून ठरायचंय. ती म्हणाली, ठरलं की सांग, मी तोवर बिस्किटं खाते.

मी शिफ्टच्या मॅडमकडे गेले. काकांसमोर सांगितलं की माल पाठवणारी माझी सख्खी बहीण आहे, मला तिचा हेवा वाटतो, म्हणून हा माल माझ्याकडून तपासून घेऊ नका. माझे कान तापले होते. मॅडमनी आपणच निवडून एक खोकं उघडलं, मग दुसऱ्या थप्पीतलं एक. पाचही दिवे. मग त्यांनी विचारलं की हे दिवे तुझ्या हेव्याने लागले का. मी नाही म्हटलं. तर मग नकाराचा कागद तूच भर, म्हणाल्या, आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

सोमवारी ती चूक होती. समज देऊन सोडता आलं. आज तुला माहीत होतं, ताई, आणि तसं तू स्वतः लिहूनही पाठवलंस. पत्र मी मॅडमना दाखवलं नाही, पण माहीत असून माल पाठवला एवढं सांगितलं. आता कुणी येऊन कारखाना तपासेपर्यंत तुझा माल विमानाने जाणार नाही. म्हणजे ती मागणी गेली. म्हणजे त्या चार मुली. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. सोमवारसारखं थोडंसुद्धा नाही. पण तेवढ्यावरून माझं मन स्वच्छ झालं असं मी म्हणणार नाही. उद्या तुझा दुसरा फोटो लागला, तर पुन्हा पोटात दुखेल.

बाबांना तू सांगशील त्याच्या आधी मी फोन करून सांगितलं. त्यांनी तुझ्याजवळ आत्ता कोण आहे, एवढंच विचारलं. माझ्याजवळ कोण आहे, हे नाही विचारलं.

राग धरायचा तितका धर, फक्त पत्र बंद करू नकोस. आईला नमस्कार.

खोकी टेम्पोत चढवली आहेत आणि हे पत्र पुढे काकांच्या शेजारी ठेवलंय. नकाराच्या कागदावर तुझ्या नावाखाली माझं नाव आहे, आडनाव एकच. सही मी केली आहे.

तुझी,
धाकटी