झाकणं घट्ट आहेत ना?

५ जानेवारी

चि. छोटूस,
ताईचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, बायकोने कोंडून ठेवलंय की काय? इकडे आप्पांकडे येऊन राहिल्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

आप्पांच्या धंद्यातलं, गळक्या छपरांवर रबरी शीटा चिकटवायचं सोल्यूशन थंडीत घट्ट होतं, म्हणून त्यांनी शेडमधले सगळे डबे मागच्या खोलीत आणलेत. तिथेच गॅसचा गीझर. झाकणं अर्धवट लावलेली, आत पाऊल टाकलं की वासाने डोकं भणभणतं. लहानपणी डब्यांजवळ नुसती काडीपेटी घेतली तरी पाठीत धपाटा बसायचा, आठवतं ना? त्याची वाफ जड असते, जमिनीवरून सरपटत जाऊन लांबचा विस्तवही पकडते, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं.

मी भांडायच्या पवित्र्यातच होते. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध करपलं, घरभर दर्प सुटला, आणि आप्पा शेजारी बसून निवांत पेपर वाचतायत. त्यांचं नाक गेलंय रे. भांडण मी गिळलं. आईमागे त्यांना कामाचाच आधार आहे, मग नाकाचं त्यांना सांगायचं कसं? लवकर ये.

लोभ आहेच, उत्तराला मात्र आळस नको.
तुझी ताई

११ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

बायकोने नाही, साहेबाने कोंडलंय. महिनाअखेरीस रजा मिळेल, तेव्हा नक्की येतो. तोवर आप्पांना काही बोलू नकोस. तू बोलायला लागलीस की घावच घालतेस. नाक गेलं म्हणजे धंदा गेला, असं धरून ते हाय खातील.

ते बाहेर गेले की झाकणं ठोकून घट्ट बसव, खिडकी उघडी टाक, गीझर लावू नकोस. त्यांच्यासमोर चेहऱ्यावर काही दिसू देऊ नकोस. मी आल्यावर डबे शेडमध्ये हलवू आणि मीच समजावून सांगेन.

राग धरू नये, माया असू द्यावी.
तुझा छोटू

२३ जानेवारी

चि. छोटूस,
आशीर्वाद.

सोमवारी मागच्या खोलीत भडका उडाला. आप्पा वाचले, हे आधी सांगते. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत. मी झाकणं ठोकली होती, पण एका डब्याच्या काठावर सोल्यूशन वाळून झाकण नीट बसलं नव्हतं. मी बाजारात गेले होते, आणि त्यांनी आंघोळीसाठी गीझर पेटवला. बोटं आता पूर्वीसारखी वळणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात.

मी रडत रडत त्यांना नाकाचं सांगितलं. त्यांना माहीत होतं, छोटू. कधीपासूनच. म्हणून तर ते रोज सकाळी मला चहा घेऊन मागच्या खोलीत बोलवायचे. मला वाटायचं, लेकीशी गप्पा मारायच्यात. ते माझं तोंड बघायचे. जरा वास आला की ही नाक मुरडते, त्यावरून झाकण सैल असलं तर कळेल, असा त्यांचा हिशेब. तोंडाने विचारायची लाज वाटायची. आणि मी, तू सांगितलंस म्हणून, डोकं फुटायला आलं तरी हसत चहा प्यायचे.

“तुझं तोंड सरळ होतं गं, म्हणून मी पेटवला,” एवढंच म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

रजा मिळो न मिळो, निघून ये. त्यांचे हात बघून तुझं तोंड कसंही झालं तरी होऊ दे. त्यांच्यापासून लपवू नकोस.

आम्हा दोघांवर जीव असू दे.
ताई